दुरुस्ती कोनाकडं?

परवा टीव्हीवर पुन्हा तेच. चीनने कुठल्याशा शेजारच्या देशात रस्ता बांधून दिला, बंदर बांधून दिलं, आणि चार शहाणे चार चौकटींत बसून एकमेकांवर ओरडत होते. एक म्हणे व्यापार, दुसरा म्हणे डावपेच, तिसऱ्याला कोणी बोलूच देईना. सून चहा घेऊन येईपर्यंत ऐकलं आणि बंद केलं. या वयात कंटाळा यायला वेळ लागत नाही. शिवाय हा सगळा वाद मी जानेफळला किसनच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसून ऐकलेला आहे, महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा, आणि तोही ज्याला आकड्यांपलीकडे एक अक्षर वाचता येत नव्हतं अशा माणसाच्या तोंडून.

नारायण मुकादम त्यांचं नाव. गाव त्यांना मुकादमबुवा म्हणायचं. रस्त्याच्या खात्यात जन्म घालवला होता. मेहकरच्या रस्त्याचे काही मैल आणि त्यावर खपणारे मैलकुली त्यांच्या हाताखाली असायचे. मी आलो तेव्हा ते निवृत्त झाले होते, पण ते फक्त कागदोपत्री. सकाळ-संध्याकाळ रस्त्याच्या कडेने चालायचे, मधून कधीच नाही. मधे पडलेला धोंडा काठीने बाजूला लोटायचे. रस्त्याखालून पाणी जायची मोरी आली की काठीने ठोकून आवाज ऐकायचे, आणि तो बिघडला असेल तर दिवसभर चेहरा उतरलेला. काठी साधी बाभळीची होती, पण फुटाफुटावर चाकूने खाचा पाडलेल्या. त्या काठीने त्यांनी काय काय मोजलं असेल याचा हिशेब नाही. एकदा माझ्या वर्गाचं दार मोजून म्हणाले, "गुरुजी, हे दार दोन बोटं वाकडं हाय." मी तीन महिने त्या दारातून ये-जा करत होतो, मला कधी दिसलं नाही. त्या दिवसापासून मात्र रोज दिसायला लागलं.

कोणी पाहुणा भेटला की त्याच्या तब्येतीआधी त्याच्या गावच्या रस्त्याची चौकशी. लेकीसाठी, सरजासाठी, स्थळ पाहायला नाल्यापलीकडच्या वाडीत गेले होते म्हणे. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, कसं आहे? तर उत्तर दिलं, "पोरगं चांगलं हाय. नाला खराब हाय." तरी लेक दिली. दोन कोस लांब ती वाडी. वाडीत चौथीपर्यंत शाळा, पुढे जानेफळला यायचं तर नाला ओलांडायचा. त्यावर पूल नाही, काही नाही.

मी बुलढाण्याचा, कारकुनाचा मुलगा. नव्यानेच मास्तर होऊन आलो होतो आणि मराठी शुद्ध बोलायची फार हौस होती. दुपारच्या एस.टी.ने पेपर यायचा. शाळा सुटली की मी तो किसनच्या हॉटेलात मोठ्याने वाचायचो आणि दहा-पंधरा माणसं ऐकायची. एक दिवस बातमी वाचली की नेपाळात काठमांडूपासून तिबेटच्या हद्दीपर्यंत चीन रस्ता बांधून देणार.

किसन भट्टीजवळूनच ओरडला, "फुकट? बाप्पा बाप्पा! आपल्या इथं चार मैल खडी टाकाले सरकारले दोन वर्षं लागले, अन् तिकडं चीन आख्खा रस्ता देऊन राह्यला. लय नशीबवान हायत बे ते नेपाळवाले."

बुवांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली. "गुरुजी, कोन्या टोकापासून चालू करून राह्यले?"

"तसं काही दिलेलं नाही."

"मोऱ्या केवढ्याच्या?"

"म्हणजे?"

"मंजे वजन किती झेलतीन? बैलगाडीचं, का भरल्या ट्रकचं, का त्याहून जड?"

"तेही नाही."

"अन् दुरुस्ती कोनाकडं?"

मी पेपर उलटासुलटा करून पाहिला. कुठेच काही नव्हतं.

"मंग बातमी काय देली त्यायनं?" बुवा म्हणाले आणि उठून गेले.

सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

पण हे तीन प्रश्न त्यांनी हवेतून काढले नव्हते. महायुद्धाच्या काळात ते मजुरांच्या टोळीबरोबर आसामात गेले होते, डोंगरातला रस्ता करायला. ते फारसं सांगत नसत. एकदा मोरीच्या कठड्यावर बसलो असताना आपण होऊन बोलले. "तिथल्या डोंगरातल्या मानसायनं आमाले केळं देल्ले, फुलं देल्ले. रस्ता येऊन राह्यला म्हनून खूश होते बिचारे. आमीबी खूश. पन मोऱ्या पाह्यल्या तवा म्या मनात म्हणलं, नाऱ्या, हा रस्ता केळंवाल्यासाठी नाही. एवढ्या जड मोऱ्या केळ्यासाठी कोन बांधते? मंग लढाई संपली. दुसऱ्या दिवसापासून कोनी घमेलंभर मुरूम नाही टाकला त्याच्यावर. एका पावसाळ्यात अर्धा खचला. आमाले गाडीत बसवून घरी धाडलं. रस्ता कोनाचा होता ते तवा समजलं मले." मग म्हणाले, "जो दुरुस्ती करते त्याचा रस्ता. बाकी सगळे वाटसरू."

नेपाळचं मात्र त्यांच्या डोक्यातून जाईना. एक दिवस चालू वर्गात आले, दारात वहाणा काढल्या आणि भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहिले. पोरं खुदूखुदू हसायला लागली. मला विचारून विचारून त्यांनी नेपाळ शोधला, तिबेट शोधला, मधला हिमालय शोधला. काठी आडवी धरून पाहिली.

"इकडून सपाट हाय, मंजे आपल्याकडून?"

"हो."

"मंजे आजवर मीठ, कापड, घासलेट, सगळं आपल्याकडूनच जात आसन त्यायले. घराले एकच दार." मग काठीचं टोक बर्फावर टेकवलं. "हे आता इकडून दुसरं दार पाडून राह्यले."

"पण बुवा, त्या दारातून चिनी फौज येईल असं म्हणता तुम्ही?" मी म्हणालो. मला भूगोल शिकवायचा पगार मिळत होता, जरा जोर करून विचारलं.

"तुमी तं एकदम फौजेवरच गेले. फौज आली तं आली, नाही तं नाही. घराले दार पाडलं का घरातल्या मानसाचं तोंड तिकडं होते, गुरुजी. आज मीठ तिकडून घेतीन, उद्या इचारबी तिकडूनच घेतीन. अन् नेपाळचा राजा काही येडा नाही. दोन दारं आसले का दोन्हीकडले शेजारी नरम राह्यतात. त्याचंबी काम, याचंबी काम. आपलं तेवढं राह्यलं."

पोरांसमोर हे बोलले. मी त्या दिवशी घाईघाईने तास संपवला. आज टीव्हीवरचे शहाणे तासभर जे सांगतात त्यात यापेक्षा जास्त काही असतं असं मला वाटत नाही.

मग चीनशी लढाई झाली. ती कशी झाली हे पुन्हा काय सांगायचं. पंचायतीच्या रेडिओसमोर माणसं उकिडवी बसलेली, बायकांनी मणी-डोरली काढून दिलेली. लढाई थांबल्यावर किसन बुवांना म्हणाला, "बुवा, तुमच्या नेपाळच्या रस्त्यानं तं नाही आले चिनी! दुसरीकडूनच आले." बुवा म्हणाले, "म्या कवा म्हणलं आज येतीन म्हनून? रस्ता आजच्यासाठी कोनी बांधते का बे?"

तरी गावाच्या लेखी बुवा एकदम मोठे झाले. हा माणूस आधीपासून सांगत होता, असं जो तो बोलू लागला. कोणाला बैल घ्यायचा असला तरी बुवांना विचारायचे. बुवांना ते आवडत नव्हतं असं म्हणणार नाही मी. ते माणूसच होते. पागोटं जरा नीट बांधू लागले होते.

आणि नेमकं त्याच सुमारास नाल्यावरच्या रपट्याचं निघालं.

रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, मोठा पूर आला की पाणी वरून जाणारा. मेहकरकडचा एक जिनवाला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचा, शेठ होता. तो म्हणाला, जानेफळ आणि वाडीच्या मधल्या नाल्यावर मी पदरच्या पैशाने रपटा बांधून देतो. वाडीत तर दिवाळीच झाली. सरजाची पोरगी इमल चौथी पास झाली होती. वाडीच्या मास्तरांनी मला निरोप धाडला होता की पोरगी फार हुशार आहे, सोडू नका. उन्हाळ्यात बुवा स्वतः तिचं नाव घालायला शाळेत घेऊन आले. मी तिचं नाव लिहून घेईपर्यंत आजा-नातीचा अंगणात खेळ चालला होता. ती एक पाऊल टाकायची, बुवा काठी लावून मोजायचे. "सव्वा फूट! शाबास!" म्हणाले, आणि चाकू काढून काठीवर फुटाच्या पुढे एक नवी खाच पाडली. ती म्हणाली, "आबा, माही खाच हाय ना हे?" बुवा म्हणाले, "हाव, तुहीच."

दुसऱ्या दिवशी बुवा रपट्याची जागा पाहून आले. शेठच्या माणसांनी चुन्याने आखणी केली होती. ती लोकांच्या पायवाटेवर नव्हती, खालच्या अंगाला होती, जिथे शेठने पलीकडे नुकतीच जमीन घेतली होती. काम त्याच बाजूने सुरू होणार होतं. आणि आखलेला पाया बुवांनी काठीने मोजला, तो भरल्या ट्रकचा होता.

मारुतीच्या पारावर सभा भरली. शेठ स्वतः आला होता. गोड माणूस, आवाज चढवणारा नव्हे. बुवांनी हात जोडून त्याला तेच तीन प्रश्न विचारले. शेठ म्हणाला, काम माझ्या बाजूने सुरू होईल, दगड तिकडेच आहे. ट्रकचा बांधतोय, कारण मजबूत पाहिजे. आणि दुरुस्ती? तो हसून म्हणाला, "रपटा गावाचा, दुरुस्ती गाव करीन."

"मंग ऐका," बुवा लोकांकडे वळले. "आज वाडीवाला कापूस गाडीत घालून चार जिना फिरते अन् पटलं तिथं टाकते. उद्या ट्रक त्याच्या दारात उभा राहीन, शेठचाच. मंग कोन जाते मेहकरले? भाव शेठ सांगन तो. अन् रपटा फुटला का भरून द्याचा आपुन. हा रपटा पोट्ट्यायसाठी नाही, कापसासाठी हाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंजे हा शेठ आपला चीनच झाला नं!" झालं. सभा पेटली. लढाईचा राग होताच सगळ्यांच्या पोटात, तो काढायला समोर एक माणूस मिळाला. शेठच्या तोंडावर लोक चीन-चीन करू लागले. बुवांनी हात वर करून थांबवायला पाहिलं, पण आता कोणी त्यांचंही ऐकेना.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सरजा उठली. काखेत तान्हं पोर होतं. "बाबा, तुमचे तीन झाले. चौथं मी इचारू? रपटा नाही झाला तं इमल शाळेत कशी येईन?"

बुवा लेकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सरकार करीन. अर्ज देतो मी."

"सरकार," सरजा म्हणाली आणि खाली बसली.

हात वर करायला सांगितले. रपटा नको म्हणून गावाने हात वर केले, आणि माझाही हात वर होता. मी शाळेचा मास्तर. माझ्या हजेरीपटात वाडीच्या पोरांच्या नावापुढे दर पावसाळ्यात गैरहजेरीच्या फुल्या असायच्या, त्या मी स्वतः मारत होतो, आणि तरी मी हात वर केला. बुवांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून केला. ते बरोबरच होतं, हीच तर सगळी पंचाईत आहे. शेठ रागावला नाही. "ज्याले पाहिजे त्याले देऊ," म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला.

अर्ज मीच लिहिले. बुलढाण्याला गेलो की स्वतः कचेरीत नेऊन द्यायचो. एकावर एक पाच झाले. उत्तर एकाचं आलं, विचाराधीन आहे म्हणून. इमल जूनमध्ये पाचवीत आली, पंधरा दिवस आली, पहिल्या बाकावर बसायची. मग नाला वाहू लागला. खरा पूर दोन-चार दिवसांचाच असतो, पण पुढचे तीन महिने गुडघाभर पाणी आणि मांडीभर गाळ. दसऱ्यानंतर आली तेव्हा वर्ग अपूर्णांकांच्या पार पुढे गेला होता. बुवा वाडीत गेले, म्हणाले, पावसाळाभर पोरगी माझ्याकडे ठेवा. सरजाच्या सासूने उंबऱ्यातूनच सांगितलं, "ज्यानं रपटा मोडला त्याच्या घरी आमची पोरगी ठेवाची नाही." सरजा आत होती. बाहेर आली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झालं, आणि मग इमलच्या बापाने तिला शेतात निंदणाला लावलं. तिचं नाव मी पटावरून काढलं. ते काढताना बुवांची आठवण झाली आणि चीड आली, त्यांची आणि माझीही.

शेठने रपटा दुसऱ्या एका गावाला दिला. तिथले लोक कापूस शेठलाच घालू लागले, तो सांगेल त्या भावाने, आणि कुरकुर करू लागले. आणि त्याच गावातल्या पाच-सहा पोरी त्या रपट्यावरून चालत सातवीपर्यंत शिकल्या. दोन्ही खरं. मी बुवांना हे एकदा सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नेपाळातबी कोनाची तरी पोरगी त्या रस्त्यानं शाळेत जात आसन, गुरुजी. हे म्या मोजलंच नाही."

त्यानंतर हॉटेलात त्यांचं येणं कमी झालं. नेपाळची बातमी आली तरी मी मुद्दाम वाचायचो नाही. नाल्याकडे जाताना दिसायचे, खांद्यावर टिकाव. लोक म्हणायचे, बुढा चळला. मी विचारायला गेलो नाही. मला वेळ नव्हता असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो.

काही वर्षांनी माझी लोणारला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी वाटलं, भेटल्याशिवाय जाणं बरं नाही. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "नाल्यावर आसतीन, आजकाल तिथंच आसतात." गेलो. पावसाळा ओसरत आला होता, पाणी गुडघ्याच्या वर असेल. त्या पाण्यात बुवा कमरेत वाकून उभे होते. पागोटं काठावर काढून ठेवलेलं, डोक्यावर पांढरे विरळ केस. नाल्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, जुन्या पायवाटेच्या जागी, एकामागे एक चपटे दगड बसवलेले होते, पाण्याच्या वर वीतभर. काही वाहून गेले होते, तेवढे ते पुन्हा लावत होते.

"बुवा, हे केव्हापासून?"

"सभा झाली त्याच साली चालू केलं. पयल्या साली सगळे नेले पान्यानं. दुसऱ्या साली अर्धे. आता ठरून राह्यले बऱ्यापैकी."

हसण्यावारी न्यावं म्हणून त्यांचाच प्रश्न विचारला. "दुरुस्ती कोणाकडं?"

"मी हाव तवर माह्याकडं."

त्यांच्याजवळ जावं म्हणून मी दगडांवर पाय ठेवला आणि तिसऱ्या पावलालाच अडखळलो. दगड फार जवळजवळ होते. माझं पाऊल एका दगडावर मावेना आणि दुसरा ओलांडता येईना. अर्धा पाण्यात गेलो, धोतर भिजलं. मनात आलं, सगळ्या जन्माचा मुकादम आणि अंतर एवढं कसं चुकलं?

"हळू या गुरुजी," बुवा म्हणाले. "तुमच्या पावलाचे नाही ते."

मी तिथेच उभा राहिलो. इमलचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पार चिखलीकडे दिली होती तिला. बुवांनी काठी उचलली, दोन दगडांच्या मधे आडवी धरली आणि फुटापुढच्या त्या खाचेवर अंगठा ठेवला. अंतर बोटभर जास्त भरलं. तसे ते पुन्हा वाकले आणि दगड दोन्ही हातांनी बोटभर अलीकडे ओढून घेतला.